बारा लिटरचं पातेलं

बीअर चांगली झाली होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. चाळीस बाटल्या भरल्या. रंग छान, फेस टिकणारा, कडवटपणा बेताचा. ज्यांना वाटल्या त्यांनी पुन्हा मागितल्या. मला मात्र त्यातली एकही बाटली शेवटपर्यंत पिता आली नाही. पहिल्या घोटाला तो शनिवार आठवतो आणि पुढचं गळ्याखाली उतरत नाही.

घरी बीअर करायला मी इथे, एनस्खेडे या डच शहरात, पीएच.डी. करताना शिकले. लॅबमधले प्रयोग एकामागून एक तोंडावर पडत होते, तेव्हा घरी येऊन बादलीत का होईना काहीतरी यशस्वी व्हावं, एवढाच त्यामागचा हेतू. कृती तशी सोपी असते. मोड आणून वाळवलेलं जव, म्हणजे माल्ट, भरडून गरम पाण्यात तासभर मुरवायचं. गाळून त्याचा गोड रस काढायचा. तो हॉप्सची कडवट फुलं घालून तासभर उकळायचा, गार करून बादलीत भरायचा आणि यीस्टच्या हवाली करायचा. इडलीचं पीठ आंबवता येणाऱ्या कुणालाही जमेल. फक्त भांडं मोठं लागतं. वीस लिटर बीअर हवी असेल तर तीस लिटरचं भांडं हवं, कारण हा रस दुधापेक्षा वाईट उतू जातो आणि शेगडी साफ करता करता नाकी नऊ येतात.

माझ्याकडे तसं भांडं होतं. त्या फेब्रुवारीत ते मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला दिलं. तो राहायला सीमेपलीकडे, जर्मनीत, सायकलने पाऊण तासावर. दोन आठवड्यांत परत करतो म्हणाला. मार्चमध्ये लॉकडाउन लागून सगळं बंद झालं, ऑफिस घरी आलं, सीमा ओलांडायची तर कारण सांगायची पाळी आली. 'बीअरचं भांडं' हे कारण सांगायची माझी हिंमत नव्हती. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेले, त्यामुळे तोही कुणाला दारात उभं करत नव्हता. माझ्याकडे उरलं ते बारा लिटरचं पातेलं, दिवाळीला इथल्या मराठी मंडळींच्या मसालेभातासाठी तुर्की दुकानातून आणलेलं.

आणि बाबा होते.

बाबा साखर कारखान्यात केमिस्ट होते, निवृत्त झाले तेव्हा चीफ केमिस्ट. छत्तीस हंगाम त्यांनी काढले. उसाचं गाळप सुरू झालं की दिवाळीपासून पार उन्हाळ्यापर्यंत ते घरी फक्त झोपायला येत. माझा जन्म हंगामात झाला, आजोबा हंगामात गेले, आईचं मोठं ऑपरेशन झालं तेही हंगामात, आणि प्रत्येक वेळी बाबा पोचले ते सगळं आटपल्यावर. आई गेली ती मात्र भर ज्येष्ठात. कारखाना बंद, बाबा निवृत्त, दिवसरात्र हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसलेले. तरी नेमके नव्हतेच. तिची चादर बदलायला हवी म्हणून घरी गेले होते, वीस मिनिटांसाठी.

मी एकुलती एक आणि लांब, त्यामुळे तिचं पुढचं सगळं बाबांनीच केलं. थोडे दिवस तरी एकटे राहू नयेत म्हणून मी त्यांना फेब्रुवारीत इकडे आणलं, एप्रिलचं परतीचं तिकीट काढून. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं होतं. "ज्येष्ठ वद्य सप्तमीला वर्षश्राद्ध. अस्थी सोडल्या त्याच घाटावर करणार आहे. तिच्या आयुष्यात मी एकदाही वेळेवर पोचलो नाही. हे एक तरी वेळेवर करू दे." मी म्हटलं, बाबा, अजून चार महिने आहेत. हे वाक्य मला पुढे फार महाग पडलं.

एप्रिलचं तिकीट रद्द झालं. व्हिसाची मुदत वाढवून मिळाली, पण व्हिसा घेऊन नदीवर जाता येत नाही. मे महिन्यात अडकलेल्यांना परत नेणारी विमानं सुरू झाली. त्यासाठी यादी होती. फॉर्म मी भरला, माझा मेल आणि माझाच फोन नंबर घालून, कारण बाबांचा भारतातला नंबर इथे चालत नव्हता. उतरल्यावर चौदा दिवस विलगीकरण. बाबांनी बोटं मोजली. मेअखेरीच्या आत विमान मिळालं तर सप्तमी गाठता येत होती, एक दिवस इकडे ना तिकडे. त्यानंतर मिळालं तर नाही.

तेव्हापासून त्यांचा जीव टांगणीला लागला. माझा फोन वाजला की ते खुर्चीतून उठायचे. "आला का?" बहुतेक वेळा तो नातेवाइकांच्या ग्रुपवरचा काढा असायचा, नाहीतर हळदीचा नवा उपयोग. दिवसाला चाळीस वेळा टिंग व्हायचं आणि चाळीस वेळा ते उठायचे. कारखान्यात ज्यांना बघून लोक उभे राहत, ते माझ्या फोनच्या आवाजावर उभे राहत होते. दाढी दोन-तीन दिवसांआड झाली. जेवण अर्ध्या पोळीवर आलं. हाउसआर्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन केला तर त्यांनी सांगितलं, फिरायला न्या. मी न्यायची. ते माझ्यापुढे दोन पावलं चालत, कुठलंच काही न बघता.

एकदा मी कामाच्या मीटिंगमध्ये असताना ते दारात येऊन उभे राहिले. "टिंग झालं बघ." मी वसकन ओरडले, "बाबा, आला की सांगीन ना! मी काय लपवून ठेवणार आहे?" ते लगेच मागे सरले. नंतर मी माफी मागितली, ते म्हणाले अगं काही नाही. पण त्यानंतर ते 'आला का' इतक्या हळू विचारायला लागले की मला ते ओरडण्यापेक्षा जास्त ऐकू येई.

काहीतरी करायला हवं होतं. पत्ते झाले, मराठी पेपर इंटरनेटवर झाला, जुने सिनेमे झाले. शेवटी एका संध्याकाळी मी माझी बीअरची कृती त्यांच्यापुढे टाकली. बाबांनी उभ्या जन्मात दारूला हात लावलेला नाही. कारखान्याला लागूनच दारूची भट्टी होती, तिथेही ते फक्त नमुने तपासायला जात. मी म्हटलं, "बाबा, प्यायची नाहीये तुम्हाला. फक्त गणित सोडवा. वीस लिटरची कृती आहे आणि पातेलं बारा लिटरचं. बसवून द्या."

त्यांनी कागद लांब धरला, मग चष्मा लावला. "सुरुवातीचा ब्रिक्स किती धरलाय?"

ब्रिक्स म्हणजे रसात साखर किती टक्के आहे ते मापायचं एकक. उसाच्या कारखान्यात तेच, बीअरच्या बादलीतही तेच. हे मला पंधरा वर्षं माहीत होतं आणि मी कधी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण घरी बीअर करते हेच सांगितलं नव्हतं. "सव्वाचौदा," मी म्हटलं.

"आणि माल्ट पाच किलो. हे पातेल्यात मावणारच नाही गं. पाणी घातल्यावर काठाबाहेर जाईल." त्यांनी पेन मागितलं. गेमेन्टेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, आलेल्या एका पाकिटाच्या पाठीवर त्यांनी आकडे मांडायला सुरुवात केली. धान्य किती पाणी शोषेल, उकळताना तासाला किती उडेल, उतू जाऊ नये म्हणून वर किती जागा सोडायची. अर्ध्या तासात दोन पाकिटं भरली. मधे माझा फोन दोनदा वाजला आणि ते उठले नाहीत. मला रडू आलं, ते मी भांडी घासायच्या निमित्ताने नळाखाली जिरवलं.

"सोपं आहे," ते म्हणाले. "सगळं निम्मं कर. अडीच किलो माल्ट, दहा लिटर बीअर. एका घाण्यात संपलं, दुपारी मोकळी."

मला मोकळी दुपार नको होती. दुपार मोकळी झाली की ते पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसणार. मी हट्ट धरला, वीस लिटरच करायची. निम्मी करायची तर एवढा उपद्व्याप कशाला? मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. दोन घाणे करायचे, प्रत्येकी अडीच किलोचे. दोन्ही वेळा रस घट्ट ठेवायचा, सतरा-साडेसतरा ब्रिक्सपर्यंत, आठ-आठ लिटर. दोन्ही बादलीत एकत्र करून वर चार लिटर उकळून गार केलेलं पाणी घालायचं, की झाली वीस लिटर सव्वाचौदाची. "पण दिवस जाईल त्यात," ते म्हणाले. "सकाळी सातला सुरू केलं तरी सहा वाजतील." मी म्हटलं, जाऊ दे की दिवस. मला तेच तर हवं होतं.

मेच्या चौथ्या आठवड्यातला शनिवार. बाबांनी सकाळी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घालून, तो पँटमध्ये खोचून, खिशाला पेन लावून ते माझ्या हातभर स्वयंपाकघरात आले. मी फोन उचलला, त्याचा आवाज बंद केला आणि झोपायच्या खोलीत कपाटाच्या खणात ठेवला. हे मी विसरून केलं नाही. ठरवून केलं. एक दिवस, फक्त एक दिवस त्यांना त्या टिंगवर उठायला लागू नये, असं मला वाटलं. शनिवार आहे, शनिवारी कोण कळवतंय, असंही वाटलं. त्या दिवसांत शनिवार-रविवार कुणालाच उरले नव्हते हे मला कळायला हवं होतं.

पाणी तापलं, माल्ट आत गेलं. बाबांनी दर पंधरा मिनिटांनी तापमान कागदावर लिहिलं आणि शेजारी सही केली. मी हसले तर म्हणाले, "सही नसली की आकडा कुणाचाच नसतो." रस गाळून घेतल्यावर मी चोथ्यावरून गरम पाणी सोडायला लागले, उरलीसुरली साखर धुऊन काढायला. त्यांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, हे तर आमचं इम्बिबिशन. उसाच्या चिपाडावर आम्हीही असंच पाणी मारतो." माझ्या हातातलं भांडं त्यांनी काढून घेतलं. "असं बदाबदा नको. हळू. साखरेला निघायला वेळ दे."

माझ्याकडे एक हातात धरायचं रिफ्रॅक्टोमीटर आहे. काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरलं की आतल्या पट्टीवर ब्रिक्स दिसतो. ते दिल्यावर त्यांनी मला काहीही न विचारता थेंब टाकला, झाकण मिटलं आणि खिडकीकडे वळून एक डोळा बारीक केला. उसाच्या फडात उभं राहून हजारो वेळा त्यांनी हे केलं असेल. खाली रस्त्यावर एक बाई सायकलवरून चालली होती, तिने वर बघून हात केला. बाबांनीही हात केला.

पहिला घाणा साडेबाराला उतरला. साडेसतरा ब्रिक्स, आठ लिटर, ठरल्याप्रमाणे. पातेलं मी गार पाण्याच्या टबात ठेवलं आणि आम्ही उभ्याउभ्या थालीपीठ खाल्लं. बाबांनी दीड खाल्लं. मग त्यांनी हात पुसत पातेल्यात डोकावून पाहिलं. "पुष्कळ झालं की. यातच थोडं पाणी घालून थांबू या का? दमली असशील."

तेव्हा पाऊण वाजला होता. मी हो म्हटलं असतं, आवराआवर केली असती, तर दीडपर्यंत खोलीत जाऊन फोन बघितला असता. हे मी त्यानंतर किती वेळा घोकलं असेल त्याला सुमार नाही. मी म्हणाले, "छे, ठरलंय ते ठरलंय. दुसरा घाणा लावू या."

दुसऱ्या घाण्याला घाई नव्हती. सकाळी सगळं एकदा करून झालं होतं. रस उकळत होता, मी फेस खाली बसवत होते आणि बाबा स्टुलावर बसून बोलायला लागले. लग्नानंतर पहिल्या हंगामात आईला कारखाना दाखवायला नेलं होतं त्याबद्दल. साखरेच्या पाकात पहिला कण धरतो तो क्षण तिला काचेतून दाखवायचा म्हणून त्यांनी तिला तासभर उभं केलं, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी हाक मारली म्हणून ते गेले. परत आले तर कण धरून झाला होता. आईने एकटीने तो बघितला. "काय दिसलं विचारलं, तर म्हणाली, काही नाही, अंधारात चांदण्या आल्यासारखं झालं." आई गेल्यापासून ते तिच्याबद्दल पहिल्यांदा बोलत होते. हसत होते. मी चमचा धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, हे असंच चालू दे.

सहा वाजता दुसरा घाणा उतरला. बादली भरली, पाणी घातलं, बाबांनी शेवटचा ब्रिक्स घेतला, सव्वाचौदाला एका रेघेने कमी. त्यांनी तो लिहून सही केली. यीस्ट घालून मी झाकण लावलं आणि हात धुऊन खोलीत गेले.

दोन अनोळखी मिस्ड कॉल होते. त्यांच्यावर मेल होता, सकाळी अकराच्या सुमाराचा. बुधवारच्या विमानात बाबांना जागा मिळाली होती. आज दुपारी तीनपर्यंत होकार कळवावा, अन्यथा जागा पुढच्या नावाला जाईल.

साडेसहा वाजले होते. त्या नंबरवर फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. हाताला माल्टचा गोड वास येत होता. मला मरण यावं असं वाटलं. हे मी वाढवून सांगत नाही. बाहेर बाबा पातेलं घासत होते, आणि घासताना काहीतरी गुणगुणत होते.

मी बाहेर आले. त्यांनी माझ्या हातात फोन बघितला. "काही आलं का आज?"

"नाही," मी म्हणाले. "म्हणजे आलाय मेल. बुधवारचं विमान भरलं. आपला नंबर लागला नाही."

"बरं," बाबा म्हणाले आणि पातेलं पुसून पालथं ठेवलं.

मला वाटलं होतं, उद्या सांगू. आजचा दिवस त्यांच्याकडे राहू दे. एवढ्या महिन्यांत एकच चांगला दिवस मिळाला होता, आणि त्याच दिवसाने त्यांचं सगळं घालवलं हे त्याच दिवशी कुठल्या तोंडाने सांगू?

रविवारी मी नऊला उठले. बाबा नेहमीप्रमाणे पहाटेच उठले होते. माझ्या लॅपटॉपवर पेपर वाचून झाला होता, चहा झाला होता, माझ्यासाठी पोहेही करून झाकून ठेवले होते. ते माझ्यासमोर बसले. "आज काय काय कामं आहेत तुझी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं काही नाही. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "काही बोलायचं आहे का तुला?" मी म्हटलं, नाही, का? ते म्हणाले, सहज. मी कपडे मशीनला लावले, झाडांना पाणी घातलं, बादलीत बुडबुडे यायला लागलेत का ते बघितलं. ते खुर्चीतच होते. बाराला पाच-दहा मिनिटं असताना ते उठले आणि एकटेच फिरायला गेले. किती दिवसांनी ते आपणहून बाहेर पडत होते. मला बरं वाटलं.

त्या दिवसापासून त्यांनी 'आला का' विचारणं सोडलं. फोन वाजला तरी मान वर करत नव्हते. बुधवार आला आणि गेला. पुढच्या विमानाचा निरोप आला, तो जूनच्या मध्याचा, म्हणजे सप्तमीनंतरचा. ते म्हणाले, "आता घाई नाही, सावकाश." मी स्वतःला समजावलं की त्यांनी सोडून दिलं मनातून, शांत झाले. बादलीकडे मात्र ते पुन्हा फिरकले नाहीत. बाटल्या भरायला बोलावलं तर म्हणाले, कंबर धरलीये. दारू तयार झाल्यावर त्यांना तिच्याजवळ यायचं नसेल, असा मी सोयीस्कर अर्थ लावला. सांगायचं रोज ठरवत होते आणि रोज ते जिवावर येत होतं. जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं.

सप्तमीला सकाळी आम्ही बैठकीच्या खोलीत पाट मांडला. गावाकडचे गुरुजी फोनच्या पडद्यावर होते, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवलेला. आवाज मधेच तुटायचा, मग बाबा पळी हातात धरून थांबायचे. नदीचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी इकडच्या नदीचं नाव विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, इथे कालवा आहे. गुरुजी म्हणाले, चालेल, गंगेचं स्मरण करा.

मी भात, आमटी, खीर, उडदाचे वडे केले होते. बाबांना वाढलं आणि समोर उभी राहिले. आणखी एक दिवसही ते पोटात ठेवणं मला शक्य नव्हतं.

"बाबा, त्या शनिवारी जागा मिळाली होती. तीनपर्यंत कळवायचं होतं. फोन मीच खणात टाकला होता. मी खोटं बोलले तुमच्याशी."

ते भात कालवत होते. "माहीत आहे," ते म्हणाले. "रविवारी पेपर वाचायला लॅपटॉप उघडला. तुझा मेल उघडाच होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

"पण वेळ तर शनिवारीच गेली होती ना, बाबा."

त्यांनी वर पाहिलं. "खाली एक ओळ होती. वाचली नाहीस? रविवारी बारापर्यंत कळवलं असतं तर रिकाम्या जागांसाठी नाव धरणार होते."

मी वाचली नव्हती. वरचं 'तीनपर्यंत' वाचून जो मेल मिटला, तो शरमेने पुन्हा उघडलाच नव्हता. त्यांची खुर्ची, ते दोनदा विचारणं, बाराच्या आधी चप्पल घालून बाहेर पडणं, सगळं माझ्यासमोर आलं. "मग तुम्ही का नाही लिहिलंत? तुम्हाला लिहिता येतं. एक ओळ लिहायची होती."

"तू सांगितलं होतंस नंबर लागला नाही. मी लिहिलं असतं तर तू खोटी पडली असतीस." ते हे अगदी साधेपणाने म्हणाले, उलट मीच काहीतरी विचित्र विचारलं असावं तसं. मग म्हणाले, "तुझ्या आईलाही मी कधी खोटं पाडलं नाही. हंगामात उशिरा यायचो. जेवलीस का विचारलं की म्हणायची, हो, आत्ताच. उष्टं ताट कुठे दिसायचं नाही. मला कळायचं. पण छत्तीस हंगामांत एकदाही बोलून दाखवलं नाही."

त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. आईसाठी केलेली ही एक गोष्ट तरी त्यांच्या खात्रीची होती. त्या न बोलण्यापायी ती छत्तीस हंगाम उपाशी झोपली, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि त्या दिवशी, तिच्या श्राद्धाच्या ताटावर, ते मी त्यांना सांगू शकले नाही. मी विचारलं, भात वाढू का. ते म्हणाले, थोडा.

जेवून ते आत जाऊन पडले. मी वाडगे झाकून ठेवले, ओटा पुसला, पाट भिंतीला लावला. अन्न समोर होतं, पण तोंडात घास घालण्याची मला इच्छाच नव्हती. चारला बाबा उठून स्वयंपाकघरात आले, पाण्याचा पेला भरला आणि माझ्याकडे पाठ असतानाच विचारलं, "जेवलीस का?"

"हो," मी म्हणाले. "आत्ताच."

त्यांनी वळून ओट्यावरच्या माझ्या कोरड्या ताटाकडे पाहिलं. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "बरं."